सरकारला विचारायचं काम तुमचं आहे

कोकण किनाऱ्यावरून लोकसभेत आणि विधानसभेत निवडून गेलेल्या सर्व सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यात वकिली करतो. अशील बहुतेक आंबा बागायतदार, मच्छीमार आणि सामायिक जमिनींचे वाटेकरी. येत्या अधिवेशनात किनाऱ्याच्या संदर्भात तुम्ही कोणते प्रश्न विचारणार, कोणत्या नियमावर चर्चा मागणार, हे अधिवेशनाआधी मतदारसंघाला लेखी कळवा, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र आहे. मागणी लहान आहे. ती करायची वेळ का आली, हे सांगायला मात्र थोडी जागा लागेल.

आपल्याकडे एक समज इतका मुरला आहे की तो समज आहे हेही कुणाला जाणवत नाही. सत्ताधारी पक्षाचा आमदार म्हणजे सरकार, विरोधी पक्षाचा म्हणजे सरकारबाहेरचा. राज्यघटना असं सांगत नाही. अनुच्छेद 75(3) प्रमाणे केंद्रातलं मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार आहे आणि अनुच्छेद 164(2) प्रमाणे राज्यातलं मंत्रिमंडळ विधानसभेला. म्हणजे जो मंत्री नाही, तो कुठल्याही पक्षाचा असो, सरकारने ज्याच्यापुढे उभं राहून उत्तर द्यायचं त्या सभागृहाचा सदस्य आहे. 2003 च्या एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या 15 टक्क्यांवर बांधली. छोट्या राज्यांचा अपवाद सोडला तर उरलेले 85 टक्के सदस्य विचारण्यासाठीच तिथे असतात. ते विचारत नाहीत तेव्हा सत्तेच्या तीन अंगांपैकी एक अंग जागेवर नसतं, आणि त्याचा भार उरलेल्या दोघांवर येतो. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला हा भार कसा सोसावा लागतो ते मी रोज पाहतो.

गेल्या पावसाळ्यानंतर एक मच्छीमार बाई माझ्याकडे आल्या. घराची समुद्राकडची चिऱ्यांची भिंत उधाणात बसली होती. ती पुन्हा उभारायची तर परवानगी हवी. ग्रामपंचायतीत सांगितलं, सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) आहे, आमच्या हातात नाही. तालुक्याला सांगितलं, वरून मार्गदर्शन मागवतो. बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरपट्टीच्या पावत्या आणल्या होत्या. जुन्यात जुनी सासऱ्यांच्या नावची, कडा वाळवीने खाल्लेली, पण सालाचा आकडा शाबूत. तो आकडा महत्त्वाचा होता, कारण सीआरझेडच्या अधिसूचनेप्रमाणे जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी आहे त्या जोत्यावर करता येते. प्रश्न उरतो अधिकृत कशाला म्हणायचं याचा. चार-पाच पिढ्या त्याच जागी राहणाऱ्या घराला बांधकाम परवान्याचा कागद कुठून असणार? कोळीवाड्यातल्या किती घरांना असा कागद असेल? मी अर्ज लिहून दिला. जाताना त्या म्हणाल्या, "आमदारांक सांगलंय, ते कलेक्टराक फोन करतले."

तो फोन झालाही असेल आणि बाईंची भिंत उभीही राहील. पण शेजारच्या घराचं काय? फोन ही कार्यालयावर केलेली मेहेरबानीची विनंती असते. सभागृहात विचारलेला प्रश्न सरकारला उत्तर द्यायला बांधतो, आणि ते उत्तर छापलं जातं. "पिढीजात कोळीवाड्यातल्या घरांसाठी अधिकृतपणाचा पुरावा म्हणून घरपट्टीची नोंद धरणार का?" या एका तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नाच्या उत्तरावर किनाऱ्यावरची किती घरं सुटली असती. माझ्या व्यवसायात मला असं उत्तर हाताशी मिळालं असतं तर मी ते प्रत्येक अर्जाला जोडलं असतं.

आता तो सीआरझेडचा नियम आला कुठून ते पाहा. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या जमिनीवर काय करायचं आणि काय नाही, हे 19 फेब्रुवारी 1991 च्या अधिसूचनेने ठरवलं. मग 6 जानेवारी 2011 ची अधिसूचना आली, मग 18 जानेवारी 2019 ची. तिन्ही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या, 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली काढलेल्या. संसदेने किनाऱ्यासाठी असा कायदा कधी केलाच नाही. लाखो लोकांचं घर, होडी लावायची जागा, मासळी सुकवायचं वाळवण, सगळं मंत्रालयाच्या कागदावर उभं आहे आणि तो कागद मंत्रालय पाहिजे तेव्हा बदलतं. 1991 ची अधिसूचना तर 25 च्या आसपास वेळा बदलली गेली. 2019 मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी ना-विकास क्षेत्र 200 मीटरवरून 50 मीटरवर आणलं, त्यासाठी लोकसंख्येच्या घनतेचा आकडा ठरवला चौरस किलोमीटरला 2161. हा आकडा बरोबर की चूक, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण तो आकडा लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात मंजूर होऊन आलेला नाही.

कायद्याच्या प्रत्येक तपशिलावर संसदेत चर्चा व्हावी असा माझा आग्रह नाही. नियम करायचं काम सरकारकडे सोपवावंच लागतं. पण सोपवल्यावर लक्ष ठेवायची सोयही संसदेने करून ठेवली आहे. 1986 च्या त्या कायद्याचं कलम 26 सांगतं की त्याखालचा प्रत्येक नियम दोन्ही सभागृहांपुढे 30 दिवस ठेवायचा, आणि दोन्ही सभागृहांनी ठरवलं तर तो बदलता किंवा रद्द करता येतो. अशा दुय्यम नियमांची छाननी करण्यासाठी संसदेत आणि विधिमंडळात वेगळ्या समित्या आहेत. तुमच्यापैकी किती जणांनी या सोयी किनाऱ्यासाठी वापरल्या, हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.

तुम्ही नसलात की पाळी न्यायालयाची येते. 1994 मध्ये केंद्राने सीआरझेडमध्ये काही सवलती दिल्या आणि सवलत देण्याचा मोकळा अधिकार स्वतःकडे घेतला. त्यातल्या काही तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 1996 मध्ये रद्द केल्या, त्याही एका संस्थेने याचिका केली म्हणून. सह्याद्रीकडे वळलात तर तेच. पश्चिम घाटाच्या रक्षणाबद्दल माधव गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन समितीचा 2013 चा. त्यानंतर पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा पहिला मसुदा 2014 मध्ये आला आणि सहावा 31 जुलै 2024 ला. त्या सहाव्या मसुद्यात महाराष्ट्राचं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. मसुदा येतो, हरकती मागवल्या जातात, मुदत संपते, पुन्हा मसुदा येतो. गावातला माणूस दहा वर्षांत एवढंच शिकला की यादीत आपल्या गावाचं नाव आहे का ते शोधायचं आणि हरकत पाठवायची. सावंतवाडी-दोडामार्गच्या पट्ट्याबद्दल निर्णय घ्या, असं शेवटी मार्च 2024 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. तिथली झाडं तोडू नयेत यासाठीही आधी न्यायालयाचाच आदेश होता.

मी वकील आहे, न्यायालयावर माझा विश्वास आहे, पण या गोष्टीचा मला आनंद होत नाही. न्यायाधीशासमोर जो याचिका घेऊन येतो त्याचीच बाजू येते. दोडामार्गातल्या काजू लावणाऱ्याची, चिऱ्याच्या खाणीवर राबणाऱ्याची, वाडीतल्या विहिरीचं पाणी आटलेल्या बाईची, सगळ्यांची गाऱ्हाणी एकाच वेळी समोर ठेवून त्यातून मार्ग काढणं हे सभागृहाचं काम. न्यायालय थांबवू शकतं, रद्द करू शकतं, मुदत घालून देऊ शकतं. कुणाला किती मोबदला द्यायचा, कुठल्या गावाला कुठली सूट, ही वाटणी त्याने करू नये, आणि तुम्ही केलीत तर त्याला करावी लागणारही नाही.

महामार्गाचंही उदाहरण घ्या, कारण ते प्रत्येकाच्या अंगावर आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसटी गाड्या पाण्यात गेल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये चिपळूणला बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले. या सगळ्या काळात रस्ता कधी पूर्ण होणार ही तारीख प्रतिज्ञापत्रावर कुठे दिली जात होती? मुंबई उच्च न्यायालयात, जनहित याचिकेत. न्यायमूर्तींनी खड्ड्यांचा हिशेब विचारायचा, सरकारी वकिलाने नवी तारीख द्यायची. रस्ता बांधणं कार्यपालिकेचं काम, त्यावरचा पैसा मंजूर करणं आणि त्याचा हिशेब घेणं सभागृहाचं. लोकलेखा समिती, अंदाज समिती, आश्वासन समिती ही नावं आम्ही नागरिकशास्त्रात पाठ केली. मंत्र्याने सभागृहात दिलेलं आश्वासन पाळलं गेलं नाही तर पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. गणपतीआधी एक लेन सुरू करू, असं आश्वासन ऐकलं नाही असा कोकणी माणूस दाखवा. त्याऐवजी पाहणी दौरे होतात. हेल्मेट घालून, कंत्राटदाराला चार शब्द सुनावून. पाहणी अभियंत्याने करावी. तुमच्या हातात त्याहून मोठं हत्यार आहे, अनुदानाच्या मागणीवरची कपात सूचना, म्हणजे खात्याने मागितलेली रक्कम कमी करा असा प्रस्ताव.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट जरा कडू आहे. खासदार निधी 1993 मध्ये सुरू झाला, आज खासदाराला वर्षाला 5 कोटींची कामं सुचवता येतात. आमदारांनाही निधी आहे. या योजनेने सत्ताविभाजन मोडतं, असा आक्षेप सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता आणि 2010 मध्ये घटनापीठाने योजना वैध ठरवली. तो निकाल मला मान्य आहे. पण वैध असणं आणि चांगलं असणं यात अंतर आहे. या निधीने तुम्हाला छोटा कार्यकारी अभियंता करून टाकलं. साकव, स्मशानशेड, व्यायामशाळा, प्रत्येकावर फलक. गावानेही तुमची किंमत फलकांवरून करायची सवय लावून घेतली, हा दोष आमचा. जो माणूस पालकमंत्र्यांकडे नियोजन समितीत कामं मंजूर करून घ्यायला बसतो, तो त्याच मंत्र्याला दुसऱ्या दिवशी सभागृहात अडचणीचा प्रश्न कसा विचारणार?

सत्तेच्या वाटण्या काटेकोर असाव्यात असं आपल्या घटनाकारांनीही मानलं नव्हतं. के. टी. शहांनी संविधान सभेत तिन्ही अंगं पूर्ण वेगळी ठेवण्याची दुरुस्ती आणली होती, ती डिसेंबर 1948 मध्ये फेटाळली गेली. आमच्या तालुक्यात आजही वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारच न्यायाधीश होऊन निकाल देतो, आणि पुष्कळदा तो दिवाणी दाव्यापेक्षा लवकर आणि बरा निकाल देतो. अशा मिसळण्याला माझी हरकत नाही. त्या निकालावर दाद मागायची जागा उघडी असते. भीती वाटते ती विचारणारं कुणीच नसतं तेव्हा. नाणारच्या रिफायनरीसाठी 18 मे 2017 ला औद्योगिक विकास कायद्याखाली अधिसूचना निघाली आणि मार्च 2019 मध्ये ती रद्द झाली. काढणारी लेखणी आणि रद्द करणारी लेखणी दोन्ही मंत्रालयातल्या. जे आनंदले आणि जे नाराज झाले, त्या दोघांनाही कारणं सभागृहाच्या पटलावर वाचायला मिळायला हवी होती. बारसूला एप्रिल 2023 मध्ये रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाच्या वेळी मनाई आदेश लागू झाले. जमीन घेण्याची प्रक्रिया चालवणारी, तिच्यावरच्या हरकती ऐकणारी आणि हरकत घेणारे जमले तर जमावबंदी लावणारी यंत्रणा एकच, महसुलाची. अशा वेळी त्या गावाच्या आणि त्या यंत्रणेच्या मध्ये उभं राहायला तुमच्याशिवाय कोण आहे?

हे होऊ शकत नाही असं म्हणू नका. याच मातीने ते करून दाखवलं आहे. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 ला मुंबईच्या विधानसभेत खोती, म्हणजे कोकणातली खोतांची जमीनदारी, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. ते तेव्हा विरोधी बाकावर होते. निधी नाही, मंत्रिपद नाही. पुढच्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून गेले. ते विधेयक तेव्हा संमत झालं नाही. पण खोतीचा प्रश्न सभागृहात गेला तो परत गावात ढकलता आला नाही, आणि 1949 मध्ये मुंबई राज्याने खोती रद्द करणारा कायदा केला. आज माझ्या टेबलावर येणाऱ्या कुळाच्या सातबाऱ्यामागे तो कायदा उभा आहे. पुढे 4 नोव्हेंबर 1948 ला घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी सांगितलं की संसदीय पद्धतीत सरकारच्या जबाबदारीची तपासणी रोज होते, प्रश्नांनी, ठरावांनी, अविश्वासाने, तहकुबीच्या सूचनेने. मतदार तपासतो तो पाच वर्षांनी. रोजचं काम तुमच्यावर सोपवलेलं आहे.

आणि वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै. राजापूरचे खासदार. फेब्रुवारी 1967 मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत असं म्हटलं, तेव्हा संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत मिळावा म्हणून त्यांनी खाजगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, मांडलं. त्यांचं म्हणणं मला पटत नाही. 24 एप्रिल 1973 च्या केशवानंद भारती निकालाने काढलेला मूलभूत चौकटीचा मार्गच (घटना दुरुस्त करा, पण तिचा गाभा मोडू नका) मला बरोबर वाटतो, कारण 1975 मध्ये एकोणचाळीसाव्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली गेली, तेव्हा त्याच चौकटीच्या आधारे ती तरतूद रद्द झाली. पण नाथ पैंचं मोठेपण माझ्या पटण्यावर अवलंबून नाही. विरोधी पक्षातला एक कोकणी खासदार संसदेचा अधिकार किती, न्यायालयाचा किती, या प्रश्नावर साऱ्या देशाला बोलायला लावतो. तो त्याच मतदारसंघातून पुन्हा पुन्हा निवडून येतो. लोकांना असं काम कळत नाही, हे म्हणणं कोकणच्या मतदाराचा अपमान आहे.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. 1985 च्या दहाव्या परिशिष्टामुळे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यामुळे, पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जातं, आणि त्यावर निकाल देणारे अध्यक्षही बहुधा सत्ताधारी पक्षाचेच असतात. महाराष्ट्रातल्या 2022 च्या आमदार-अपात्रतेच्या याचिकांवर निकाल यायला जानेवारी 2024 उजाडला, तोही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर. विधेयकं घाईने येतात. पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत 16 टक्के. सतराव्या लोकसभेला पाच वर्षांत उपाध्यक्षच मिळाला नाही. ज्या भारतीय न्याय संहितेवर मी आता रोज युक्तिवाद करतो, ती आणि तिच्याबरोबरचे दोन कायदे स्थायी समितीपुढे गेले होते हे खरं, पण डिसेंबर 2023 मध्ये संमत होताना दोन्ही सभागृहांतले मिळून 146 खासदार निलंबित होते. 1970 नंतर एकही खाजगी विधेयक कायदा झालेलं नाही. हे सगळं मान्य. पण पक्षादेश मतदानाला बांधतो. प्रश्न विचारायला, लक्षवेधी सूचना मांडायला, समितीत बसून कागद मागवायला कुठलाही पक्षादेश आड येत नाही. तुमच्या पक्षाचं सरकार असताना विचारलेला प्रश्न तर जास्त वजनदार असतो.

म्हणून मागणी पुन्हा, नेमकेपणाने. किनाऱ्यासाठी अधिसूचनेऐवजी संसदेचा स्वतंत्र कायदा हवा, त्यात कोळीवाडे, होड्यांच्या जागा आणि वाळवणं यांना स्पष्ट हक्क हवेत. खासदारांनी यासाठी खाजगी विधेयक मांडावं, संमत होणार नाही हे माहीत असूनही. पश्चिम घाटाची अंतिम अधिसूचना निघण्याआधी तिच्यावर दोन्ही सभागृहांत चर्चा मागावी. महामार्गाच्या मंत्र्यांनी दिलेली सर्व आश्वासनं आश्वासन समितीपुढे नेऊन त्यांचा तक्ता छापून घ्यावा. आमदारांनी किनाऱ्यावरच्या जुन्या घरांच्या पुराव्याबद्दल वर लिहिलेला प्रश्न विचारावा. मसुदा हवा असेल तर मी आणि माझे सहकारी वकील करून देऊ, फी न घेता. कागद आमच्याकडे आहेत, अगदी वाळवी लागलेल्या पावत्यांसह.

प्रत्येक अधिवेशनानंतर एक दिवस तालुक्याच्या ठिकाणी बसा. काय विचारलं, काय उत्तर आलं, ते वाचून दाखवा. भूमिपूजन त्या दिवशी ठेवू नका. देवगड, मालवण, वेंगुर्ला, राजापूर, गुहागर, दापोली, श्रीवर्धन, मुरूड, जिथे बोलवाल तिथे लोक येतील. पहिल्या बैठकीसाठी बार असोसिएशनची खोली मिळवून द्यायची जबाबदारी मी घेतो. तारीख तेवढी कळवा.

आपला,
देवगड तालुक्यातील एक वकील आणि मतदार